मॅच संपली, टीम गेली... मैदानाचं काय?

अमेरिकेतल्या एका गिरणगावातलं छोटंसं स्टेडियम. प्रोफेशनल बेसबॉलमधली सगळ्यात लांबलेली मॅच तिथं झाली. पोरांनी तिथं दुधाच्या रिकाम्या कॅनमधून खेळाडूंच्या सह्या गळाला लावल्या. आणि एक दिवस टीमच गाव सोडून गेली. मग स्टेडियम नेमकं असतं कुणाचं? मालकाचं की गावाचं?

एक साधा प्रश्न विचारू? तुम्ही शेवटची मॅच मैदानात जाऊन कधी बघितली?

मोबाइलवर नाही, मित्राच्या रूमवर नाही, कॅफेतल्या मोठ्या स्क्रीनवरही नाही. मैदानात! तिकीट काढून, रांगेत उभं राहून, उन्हात बसून.

आठवत नाही ना? साहजिक आहे. आयपीएलचं तिकीट मिळणं मुश्कील, मिळालं तरी खिशाला झेपत नाही. आणि झेपलंच तर सगळ्यात वरच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. शेवटी मान वळवून स्टेडियमच्या स्क्रीनवरच मॅच बघायची. मग घरी काय वाईट होतं, असं वाटतंच.

अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांचंही काही वेगळं नाही. मेजर लीग म्हणजे तिथली सगळ्यात मोठी स्पर्धा. तिच्यात ३० टीम्स आणि त्याही मोठमोठ्या शहरांत. पण तिथं आणखी एक दुनिया आहे. लहान शहरांची, स्वस्त तिकिटांची, खेळाडू हाताच्या अंतरावरून दिसतील अशा स्टेडियम्सची. तिचं नाव मायनर लीग.

आज त्यातल्याच एका स्टेडियमची गोष्ट सांगायची आहे. नाव मॅकॉय स्टेडियम. गाव पॉटकेट. राज्य ऱ्होड आयलंड, अमेरिकेतलं सगळ्यात चिमुकलं राज्य. बेसबॉलमधलं तुम्हाला काही कळत नसेल तरी चालेल. ही गोष्ट बेसबॉलपेक्षा गावाचीच जास्त आहे.

जिंकणं इथं दुय्यम असतं!

आधी मायनर लीगचा हिशोब समजून घेऊ. नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

मेजर लीगच्या प्रत्येक टीमच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार टीम्स असतात. ३० गुणिले ४, म्हणजे १२० टीम्स. सगळ्यात वरची पायरी ट्रिपल-ए. तिथून उडी मारली की थेट मेजर लीग. २०२० पर्यंत अशा टीम्स १६० होत्या. मग मेजर लीगने सगळी फेररचना केली, आकडा १२० वर आणला आणि ४० गावांच्या टीम्सचा मोठ्या टीमशी असलेला धागाच तुटला.

आपल्याकडच्या दोन पोरांनीही या शिडीवर पाय ठेवला होता. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. (हा रिंकू सिंग क्रिकेटवाला नव्हे बरं का!) दोघंही भालाफेकपटू. २००८ मध्ये एका टीव्ही शोमधून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर ते खेळले, मेजर लीगपर्यंत मात्र पोहोचले नाहीत. 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमा त्यांच्यावरच निघाला. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये 'वीर महान' म्हणून गाजला.

आता मुद्द्याची गोष्ट. मायनर लीगच्या खेळाडूचा करार गावातल्या टीमशी नसतो, वरच्या मोठ्या टीमशी असतो. पगार तीच देते. कोण खेळणार, कोण बसणार, हेही तीच ठरवते. गावातल्या मालकाच्या हातात उरतं काय? स्टेडियम, तिकीट, पार्किंग, हॉट डॉग आणि आइस्क्रीम.

म्हणजे बघा, तुमच्या गावच्या टीममधला एखादा पोरगा धडाधड खेळायला लागला, तुम्ही त्याच्या नावाचा टीशर्ट घेतला, आणि मंगळवारी सकाळी वरून फोन आला की दुपारी तो गेला. भर सीझनमध्ये. टीम हरायला लागली तरी मालक काही करू शकत नाही.

मग लोक जातात कशाला?

संध्याकाळ घालवायला. आईबाबा, आजी, शेजारी, शाळेचा अख्खा वर्ग असे सगळे जातात. मॅचचा स्कोअर काय झाला हे घरी येईपर्यंत अर्धे जण विसरलेलेही असतात. मायनर लीगचं स्टेडियम गावाचा कट्टा असतं. समोर बेसबॉल चालू असतो, एवढंच.

आणि बेसबॉल खेळणारी पोरं? त्यांचे हाल विचारू नका. वर्षानुवर्षं त्यांना तुटपुंजा पगार मिळायचा. बसचा रात्र-रात्र प्रवास, एका खोलीत चौघं-पाचजण. कितीतरी गावांत स्थानिक कुटुंबं या खेळाडूंना सीझनभर स्वतःच्या घरी ठेवून घेत. शेवटी २०२२ मध्ये या खेळाडूंची युनियन झाली आणि २०२३ मध्ये पहिला करार झाला. ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. एका झटक्यात दुप्पट. आधी किती कमी होता, ते यावरून कळेल.

दलदलीत उभं राहिलेलं स्टेडियम

आता पॉटकेटला चला.

लोकसंख्या साधारण ७५ हजार. ब्लॅकस्टोन नदीच्या काठावर वसलेलं हे गाव. १७९३ मध्ये इथं स्लेटर मिल नावाची सूतगिरणी सुरू झाली. अमेरिकेतल्या औद्योगिक क्रांतीची सुरुवात इथून झाली, असं तिथली पाठ्यपुस्तकं सांगतात. पुढं दीडशे वर्षं हे गाव गिरण्यांवर जगलं. मग कापडधंदा दक्षिणेकडच्या राज्यांत गेला, भोंगे बंद झाले आणि मागं उरल्या विटांच्या मोठाल्या इमारती. लालबाग-परळच्या गोष्टी घरात ऐकल्या असतील तर हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

स्टेडियम बांधायचं ठरलं तेव्हा जागतिक मंदीचे दिवस होते. हाताला काम नव्हतं म्हणून सरकारच रस्ते, पूल, शाळा, मैदानं बांधायला काढत होतं. पॉटकेटचे महापौर होते थॉमस मॅकॉय. त्यांनी जागा निवडली ती चक्क एका तळ्याची, दलदलीची! पाया घालता घालता नाकी नऊ आले. बांधकामाचे ट्रक चिखलात गडप झाले, असं गावातले लोक अजून सांगतात. खर्च वाढत गेला, लोक महापौरांची टिंगल करत राहिले. पण १९४२ मध्ये स्टेडियम उभं राहिलं आणि पुढं त्याला त्याच मॅकॉयसाहेबांचं नाव दिलं गेलं.

१९७० पासून इथं बॉस्टन रेड सॉक्सची हाताखालची टीम खेळायला लागली आणि १९७३ मध्ये ती ट्रिपल-ए झाली. नाव पॉटकेट रेड सॉक्स. लाडाचं नाव 'पॉसॉक्स'. बॉस्टनचं मोठं स्टेडियम इथून गाडीने तासाभरावर. त्यामुळे बॉस्टनला खेळण्याआधी जवळपास प्रत्येक जण इथून गेला. जिम राइस, वेड बॉग्ज, रॉजर क्लेमेन्स, अगदी अलीकडचा मुकी बेट्ससुद्धा. एखादा मोठा स्टार दुखापतीतून सावरत असला की दोन-चार मॅचसाठी त्यालाही इथं पाठवत. म्हणजे टीव्हीवर दिसणारा माणूस अचानक तुमच्या गावात, तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर!

तरीही १९७६ संपता संपता टीमचं दिवाळं निघालं होतं. स्टेडियमची पार रया गेलेली. तेव्हा मध्ये पडला बेन मॉन्डॉर नावाचा एक माणूस. हा गृहस्थ बंद पडलेल्या कापडगिरण्या विकत घेऊन चालवायचा, त्यातून पैसा कमावून निवृत्त झालेला. १९७७ मध्ये त्याने टीम घेतली. पहिल्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये मिळून प्रेक्षक आले जेमतेम ७० हजार.

मॉन्डॉरने काय केलं? फार काही भारी नाही. स्टेडियम स्वच्छ केलं. तिकीट स्वस्त ठेवलं. पार्किंगचे पैसे घेतले नाहीत. चार पोरं असलेल्या कामगाराला महिन्यातून एकदा सगळ्या घरासकट येता आलं पाहिजे, असा सगळा हिशोब ठेवला. आणि हे त्याने एखाद वर्ष नाही, २०१० मध्ये वारेपर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षं केलं. २००५ च्या सीझनमध्ये मॅकॉयला ६ लाख ८८ हजारांवर लोक आले. गावाच्या लोकसंख्येच्या नऊपट!

सह्यांसाठी टाकलेला गळ

मॅकॉयची एक खासियत होती. ती आर्किटेक्टने ठरवून केलेली नव्हती.

खेळाडू जिथं बसतात त्या जागेला डगआउट म्हणतात. बाकी स्टेडियम्समध्ये प्रेक्षक वाकून डगआउटजवळच्या खेळाडूला वही देऊ शकतात. मॅकॉयमध्ये डगआउट प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या बरोबर खाली, मैदानाच्या पातळीवर होतं. वरून हात पुरणं शक्यच नाही.

मग पोरांनी काय केलं? दुधाचा प्लास्टिकचा रिकामा कॅन घ्यायचा. त्याला बाजूने भोक पाडायचं. आत बॉल आणि पेन ठेवायचं. दोरी बांधायची आणि कठड्यावरून खाली सोडायचा. डगआउटच्या तोंडासमोर तो कॅन लोंबकळत राहायचा. आतून एखादा खेळाडू हात बाहेर काढायचा, बॉल घ्यायचा, सही करायचा, परत ठेवायचा. वर बसलेल्या पोराला दोरीला हिसका बसला की कळायचं, मासा लागला!

कुणी सही केली, हे दोरी वर ओढल्यावरच कळणार. कदाचित उद्याचा हॉल ऑफ फेमर. कदाचित पुढच्या महिन्यात बेसबॉल सोडून दुकानात नोकरीला लागणारा पोरगा. त्या वयात दोघांचीही किंमत सारखीच.

घराघरांत हे कॅन तयार असायचे. मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, बापाकडून लेकीकडे. मैदान गावाचं होतं म्हणजे काय, हे समजायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. लोक इथं मॅच बघायला येत, पण त्यांनी स्वतःच्या काही रीतीही इथं तयार केल्या. त्या कुठल्या मार्केटिंग टीमने सुचवलेल्या नव्हत्या.

पहाटे चार वाजता उरले १९ जण

आणि मग ती मॅच.

१८ एप्रिल १९८१. ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. कडाक्याची थंडी, बोचरा वारा. पॉटकेट विरुद्ध रोचेस्टर. प्रेक्षक १,७४०.

बेसबॉलमध्ये ९ इनिंग्ज असतात. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा इनिंग्ज खेळायच्या. ९ इनिंग्जनंतर स्कोअर १-१. दहावी झाली, पंधरावी झाली, विसावी झाली. २१ व्या इनिंगमध्ये रोचेस्टरने एक रन काढली. सुटलो बाबा, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने बॅट फिरवली आणि परत बरोबरी. २-२. स्वतःच्याच टीममधल्यांना आनंद झाला असेल की राग आला असेल, देव जाणे!

रात्री १२.५० नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा लीगचा नियम होता. पण त्या वर्षी पंचांकडे आलेल्या नियमांच्या प्रतीत तोच छापायचा राहून गेला. पंच म्हणाले, लिहिलेलं नाही, खेळा. खेळाडूंनी थंडीपासून वाचायला मोडक्या बॅट्स पिंपात पेटवल्या. लीगच्या अध्यक्षांना फोन लागेना. लागला तेव्हा पहाट होत आलेली. शेवटी ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंग्जनंतर, मॅच थांबवली. निकाल नाहीच!

स्टेडियममध्ये तेव्हा किती प्रेक्षक उरले होते? १९. त्या १९ जणांना टीमने पुढच्या मॅचेसचे पास दिले. बाहेर ईस्टरची सकाळ होत होती.

उरलेली मॅच दोन महिन्यांनी, २३ जूनला ठरली. योगायोग असा की तेव्हा मेजर लीगचे खेळाडू संपावर होते. देशात दुसरा मोठा बेसबॉलच नाही! त्यामुळे सगळा मीडिया पॉटकेटला लोटला. ५,७४६ प्रेक्षक आले. आणि १८ मिनिटांत खेळ खल्लास. ३३ व्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेटने रन पूर्ण केली. पॉटकेट ३, रोचेस्टर २. एकूण खेळ ८ तास २५ मिनिटं. प्रोफेशनल बेसबॉलमध्ये याहून लांब मॅच आजवर झालेली नाही.

त्या रात्री मैदानावर दोन पोरं होती, ज्यांना पुढे हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. पॉटकेटचा वेड बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकेन. पण मॅच जिंकून देणारा डेव्ह कोझा? तो मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. रोचेस्टरचा डॅलस विल्यम्स त्या मॅचमध्ये १३ वेळा बॅटिंगला नशीब आजमावून गेला आणि एकदाही त्याला हिट मिळाली नाही.

मायनर लीग म्हणजे हेच. एकाच मैदानावर, एकाच थंडीत, सगळे सारखेच कुडकुडतात. कुणाचा फोन येणार आणि कुणाचा नाही, हे त्या रात्री कुणालाच माहीत नसतं.

मग टीम विकली गेली

मॉन्डॉर गेल्यावर पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, टीम विकली गेली. नव्या मालकांमध्ये बॉस्टन रेड सॉक्सचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी लुकिनो होते. त्यांनी लगेच सांगितलं, मॅकॉय जुनं झालंय, आम्हाला नवं स्टेडियम हवंय. आधी म्हणाले शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरात, नदीकाठी. आणि त्यासाठी सरकारने मदत करावी.

लोक भडकले. भडकण्याला कारणही होतं. २०१० मध्ये या राज्याने एका व्हिडिओ गेम कंपनीसाठी ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी घेतली होती. कंपनी कुणाची? बॉस्टन रेड सॉक्सच्याच एका निवृत्त स्टारची, कर्ट शिलिंगची. २०१२ मध्ये ती बुडाली आणि भुर्दंड बसला करदात्यांना. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पिणारच ना?

प्रॉव्हिडन्सचा बेत बारगळला. मग पॉटकेटमध्येच, स्लेटर मिलजवळ, ८.३ कोटी डॉलरचं स्टेडियम बांधायचं ठरलं. टीम ४.५ कोटी देणार, राज्य २.३ कोटी, शहर १.५ कोटी. त्यावर चर्चा, सुनावण्या, मतदान, पुन्हा चर्चा. २०१८ च्या जूनमध्ये विधिमंडळाने मंजुरी दिली, पण बदल करून. राज्याची हमी त्यातून काढलेली.

ऑगस्ट २०१८ मध्ये टीमने जाहीर केलं, आम्ही चाललो. ६५ किलोमीटरवरच्या वूस्टरला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला पॉटकेटचं जुनं हॉस्पिटल बंद पडलं होतं. त्यापाठोपाठ टीम. विचार करा, त्या गावातल्या सोळा वर्षांच्या पोरीला कसं वाटलं असेल? 'आपल्या गावात राहायला कुणीच तयार नाही.' असंच ना?

आणि निरोपही धड झाला नाही. २०२० चा सीझन हा निरोपाचा सीझन ठरला होता. कोविड आला आणि सीझनच रद्द. म्हणजे २ सप्टेंबर २०१९ ला जी मॅच झाली तीच मॅकॉयची शेवटची पॉसॉक्स मॅच. ही शेवटची, हे बघणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

पण त्या उन्हाळ्यातही मैदान गप्प बसलं नाही. स्टेडियमच्या आवारात कोविडची तपासणी सुरू झाली. आणि हिरवळीवर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं गेलं. अंतर राखून, मॅच नसताना. तरीही लोक आले. आयुष्यभर कठड्याच्या वरून बघितलेल्या गवतावर बसून ते बर्गर खात होते.

बरोबर कोण होतं?

इथं व्हिलन शोधायचा मोह होतो. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

वूस्टरची बाजू बघा. दोन लाखांवर वस्तीचं तेही एक जुनं कारखान्यांचं शहर. त्यांनी कर्ज काढलं आणि मे २०२१ मध्ये 'पोलर पार्क' सुरू झालं. खर्च ठरल्यापेक्षा बराच वाढून १६ कोटी डॉलरच्या आसपास गेला. हे पैसे आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींच्या करातून फेडायचे, असा शहराचा हिशोब आहे. अशा स्टेडियम्समध्ये घातलेला सरकारी पैसा सहसा वसूल होत नाही, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगत आलेत. पण वूस्टरच्या पोरांना आता त्यांच्या गावात टीम मिळाली आहे. त्यांच्या आनंदाला खोटं कसं म्हणणार?

आणि पॉटकेटची बाजू? शाळांची छपरं गळत असताना श्रीमंत मालकांच्या स्टेडियमसाठी पैसे का द्यायचे, असं विचारणारे चूक नव्हते. टीम गेली तर गावाचं मन मोडेल, असं म्हणणारेही चूक नव्हते. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं होतं. म्हणूनच तर निर्णय अवघड होता.

गंमत म्हणजे वूस्टरला जाऊन तीन सीझन होताहेत तोच, २०२३ च्या अखेरीस, टीम पुन्हा विकली गेली. यावेळी डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या कंपनीला. ही कंपनी अशा डझनावारी मायनर लीग टीम्सची मालक आहे. बेन मॉन्डॉर गेटवर उभा राहून लोकांशी गप्पा मारायचा. कंपनी कुठल्या गेटवर उभी राहणार?

मॉन्डॉरच्या काळात गावाला वाटत राहिलं, टीम आपली आहे. खरं तर टीम तेव्हाही एका माणसाचीच होती. फक्त तो माणूस भला होता. तेहेतीस वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण लक्षात यायची वेळच आली नाही. गावाचा हक्क म्हणून लोक जे धरून चालले होते, ते एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेलं होतं. आणि चांगुलपणा सातबाऱ्यावर चढत नाही.

आता तिथं काय आहे?

मॅकॉय पाडलं गेलं. २०२५ मध्ये.

पॉटकेटच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्येच कौल दिला होता. त्या जागेवर नवं हायस्कूल बांधायचं, त्यासाठी ३३ कोटी डॉलरचे रोखे काढायचे. शे आणि टॉलमन ही गावातली दोन जुनी हायस्कूल्स तिथं एकत्र येणार. म्हणजे ज्या गावाने स्टेडियमसाठी दीड कोटी द्यायचे की नाही यावर तीन वर्षं डोकं फोडलं, त्याच गावाने शाळेसाठी मतपेटीतून हो म्हटलं. (शाळेच्या खर्चातला मोठा वाटा राज्याकडून परत मिळतो, हेही खरं.)

त्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, पॉटकेटमध्येच नदीकाठी एक नवं फुटबॉल स्टेडियम सुरू झालं. ऱ्होड आयलंड एफसी ही टीम तिथं खेळते. गावाला पुन्हा एक टीम मिळाली. तिथं जाणारी पोरं आपल्या रीती शोधतीलच. दुधाचा कॅन नसेल, दुसरं काहीतरी असेल.

पाडकाम सुरू झालं तेव्हा म्हातारी माणसंही हळहळली आणि तरुणही. पण हळहळणाऱ्यांतल्याच कितीतरी जणांनी शाळेला मत दिलेलं असणार. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात असू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, पॉटकेटशी आपलं काय देणंघेणं?

तुमच्या घराजवळ एखादं मैदान असेलच. जिथं तुम्ही टेनिस बॉलवर खेळलात, जिथं गणपतीचा मांडव पडतो, जिथं सकाळी आजोबा चालतात आणि संध्याकाळी भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. ते मैदान कुणाच्या नावावर आहे, तुम्हाला माहीत आहे? पालिकेच्या, ट्रस्टच्या, शाळेच्या की एखाद्या बिल्डरच्या? विकास आराखड्यात त्यावर काय लिहिलंय? खेळाचं मैदान की आणखी काही?

नसेल माहीत तर या आठवड्यात विचारा. नगरसेवकाला विचारा, वॉर्ड ऑफिसात विचारा, आराखडा बघायला मागा. फार वेळ लागत नाही, फक्त चिकाटी लागते. पॉटकेटमधले लोक हे विचारायला लागले तेव्हा टीम विकली गेलेली होती. तुमच्या मैदानाच्या बाबतीत अजून वेळ असेल, तर तो हाताशी आहे तोवर विचारून घ्या.